सासरी गेलेला प्रोग्राम आणि गुडघाभर मका

या अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी त्यांना आधीच बजावलं, की माझ्या नोकरीत एकही चोर पकडला गेला नाही, कुणाचा जीव वाचला नाही आणि कुठल्या मंत्र्याने माझ्याकडे कधी रागाने पाहिलंही नाही. पुण्याच्या एका कंपनीत मी अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची सात वाटूरच्या घरून, पुढच्या खोलीतल्या टेबलावर. त्या म्हणाल्या, "चालेल की! फक्त काम काय होतं ते लोकांना कळेल असं लिहा." खरी अडचण तिथेच होती. माझं काम काय होतं ते आमच्या घरातसुद्धा आजवर कुणाला कळलेलं नाही.

माझ्या नवऱ्याने, दत्ताने, त्यावर आपल्यापुरता तोडगा काढला होता. कुणी विचारलं की तो सांगायचा, "ही कंपनीत चुका काढती." हे वाक्य वाटूरहून परतूरपर्यंत पोहोचलं आणि माझे वांधे झाले. लग्नात पंगतीला बसले की आचारी स्वतः येऊन विचारायचा, "मीठ बराबर हाय ना?" जावा मला नव्या साड्या दाखवेनाशा झाल्या. आमच्या सासूबाईंची तक्रार वेगळीच होती. त्या आल्यागेल्याला सांगायच्या, "चुका काढायचं काम सासूचं. मी जनमभर फुकटात केलं अन् हिला त्याचा पगार भेटून राह्यला."

सासूबाई म्हणजे माझी सख्खी आत्या. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. आमचं माहेर टेंभुर्णीचं. आत्या तिथून वाटूरला दिली आणि पुढे तिच्या मुलाला मी दिली. आमच्याकडे ही चाल जुनीच. घरची मुलगी घरात राहते आणि जावयाच्या चौकशीला गावोगाव हिंडावं लागत नाही.

आता कामाचं सांगते. संगणकावरचा प्रोग्राम म्हणजे एकाखाली एक लिहिलेल्या सूचना. तो बिघडला तर नेमका कुठे बिघडला हे बाहेरून दिसत नाही. त्यासाठी डिबगर नावाचं एक हत्यार असतं. ते चालत्या प्रोग्रामला आपण सांगू त्या जागी थांबवतं आणि मग आपल्याला आत डोकावून पाहता येतं. थांबवण्याची युक्ती साधी आहे. त्या जागेवरची मूळ सूचना डिबगर उचलून आपल्या खिशात ठेवतो आणि तिच्या जागी 'थांब' एवढंच लिहितो. प्रोग्राम तिथवर आला की थांबतो. आपलं पाहून झालं की डिबगर खिशातली सूचना परत जागच्या जागी ठेवतो. या 'थांब'ला आमच्यात ब्रेकपॉइंट म्हणतात. मी इथे खूण म्हणेन.

आमची कंपनी असा डिबगर बनवायची. पण डिबगर हाही शेवटी प्रोग्रामच, त्यातही चुका असणार. दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्याच्या चुका शोधायच्या, हे माझं काम. माणसाने रोज बसून हे करणं शक्य नसतं, म्हणून मी चाचण्या लिहून ठेवायची आणि त्या आपल्या आपण चालायच्या. चाचणी डिबगरला हुकूम सोडते, त्याने काय उत्तर दिलं ते वाचते, उत्तर अपेक्षेप्रमाणे असेल तर हिरवी ओळ छापते, नसेल तर लाल. सकाळी चहा घेता घेता लाल ओळी शोधायच्या आणि ज्याने तो भाग लिहिला असेल त्याचा चहा कडू करायचा.

या सगळ्यात एक प्रकार फार चमत्कारिक होता. काही प्रोग्राम चालता चालता स्वतःला पुसून टाकतात आणि त्याच जागी दुसराच प्रोग्राम होऊन उभे राहतात. संगणकाने दिलेला नंबर तोच असतो, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की तोच गडी आहे. आतमध्ये मात्र सगळं नवं. नव्या पोरांना हे समजावताना मी लग्नाचं उदाहरण द्यायची. मांडवात गेले तेव्हा मी मंगल होते. दत्ताने ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहिलं आणि मी वैशाली झाले. हातपाय तेच, दहावीचे मार्क तेच, पण नाव नवं आणि घर नवं. अशा वेळी डिबगरने जुन्या सगळ्या खुणा विसरायच्या असतात आणि नव्या प्रोग्रामात नव्याने जागा शोधून लावायच्या असतात. माहेरी माठ जिथे होता तिथेच सासरीही असेल असं धरून चालायचं नसतं.

म्हणून त्या प्रकारच्या चाचणीसाठी मी दोन छोटे प्रोग्राम लिहिले होते. पहिल्याचं नाव 'माहेर', दुसऱ्याचं 'सासर'. दोन्हींत 'पाणी' नावाचा एक भाग होता. चाचणी डिबगरला सांगायची, पाण्यापाशी खूण लाव. मग माहेर सुरू व्हायचा, थोडा चालायचा, स्वतःला पुसून सासर व्हायचा. सासरात गेल्यावर डिबगर पाण्यापाशी थांबला, की हिरवी ओळ.

ती ओळ बारा वर्षं हिरवी राहिली. बाकीच्या चाचण्या अधूनमधून आजारी पडायच्या, हिला कधी साधी शिंक आली नाही. डिबगरचा तो भाग लिहिणारे कुलकर्णी साहेब नव्या माणसाला पहिल्या दिवशी माझ्या टेबलाशी आणून म्हणायचे, "चाचणी कशी असावी, तर यांच्या सासरसारखी." मला कंपनीने त्यासाठी एक काचेचा तुकडाही दिला होता, खाली माझं नाव कोरलेला. मी तो वाटूरला आणला आणि आत्याने त्यावर उदबत्तीचं घर ठेवलं. माझी मान मात्र ताठ होती. सांगायला हरकत नाही, चांगलीच ताठ होती.

चाचण्यांबरोबर गिऱ्हाइकांच्या तक्रारीही माझ्याकडेच यायच्या. एका गृहस्थांची तक्रार होती की तुमचा डिबगर माझा प्रोग्राम थांबवतो. तेच तर त्याचं काम आहे असं कळवलं, तर म्हणाले, "थांबवू द्या, पण आधी विचारावं की नाही?" अशांना उत्तरं देऊन देऊन माझं एक ठरून गेलं होतं. तक्रार आली की पहिल्यांदा त्या प्रकारची आपली चाचणी बघायची. ती हिरवी असली तर चूक गिऱ्हाइकाची.

निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी, पेरणीआधीच्या घाईच्या दिवसांत, जालन्याच्या एमआयडीसीतून एका बियाण्याच्या कंपनीतून पत्र आलं. पत्र लिहिणारा कैलास तिथल्या पिशव्या भरणाऱ्या मशीनचा संगणक सांभाळायचा. वरच्या टाकीत मका, खाली झडप, झडपेखाली पिशवी. वजन भरलं की प्रोग्राम झडप बंद करतो. हा प्रोग्राम रोज सकाळी आधी एका छोट्या प्रोग्रामच्या रूपात सुरू व्हायचा, नवं काही आलंय का ते पाहायचा, आणि मग स्वतःला पुसून मोठा प्रोग्राम व्हायचा. त्यात लेबलावरची तारीख कधी कधी उलटी छापली जायची, एवढीच बारीक तक्रार. ती शोधायला कैलासने आमचा डिबगर लावला, खूण केली, आणि मशीन सुरू केलं. छोट्याचा मोठा झाला आणि मेला, म्हणजे मध्येच बंद पडला. मेला तोही नेमका झडप उघडी असताना.

मी माझी चाचणी पाहिली. हिरवी. मग नेहमीचं उत्तर पाठवलं: आमची चाचणी यशस्वी आहे, कृपया आपल्या वापरात काही चूक होत नाही ना ते तपासावे.

आठवड्यात दुसरं पत्र आलं, परत तेच झालं म्हणून. मी परत तेच उत्तर पाठवलं. तिसऱ्या खेपेला त्याने फोनच केला.

"मॅडम, मी कैलास बोलून राह्यलो, जालन्याहून. तुमचं पत्र भेटलं. पण मी बराबर तुमच्या पुस्तकात लिहिल्यावाणीच केलं हो. खूण लावली का झडप उघडी राहती अन् मका खाली. आज गुडघ्याइतका झाल्ता."

"खुणेशिवाय चालतं?"

"बिलकुल चालतं. म्हणून तर सगळे म्हणून राह्यले, का मशीनमधी काही खराबी न्हाई, कैलासमधीच खराबी हाय."

मग त्याने एका दमात सगळं सांगितलं. तो मका साधा नव्हता, औषध लावलेला, गुलाबी. सांडलेल्यात उभं राहून उभं राहून त्याचे मोजे, पँटचे पाय आणि हात गुलाबी झाले होते. दोनदा धुतले तरी रंग जाईना. कामगारांनी संगणकाला लिंबू-मिरची बांधली होती, तीसुद्धा कैलासच्या खुर्चीच्या दिशेने तोंड करून. तो आत शिरला की बायका न सांगता घमेली घेऊन टाकीखाली उभ्या राहायच्या. मॅनेजर जाधव साहेब दुरून ओरडायचे, "हात लावू नको! कशालाच हात लावू नको!"

मला हसू आलं. फोनवर ते त्यालाही ऐकू गेलं असावं.

"हसा मॅडम, सगळे हसून राह्यले," तो म्हणाला. "पण सोमवारी मव्हं वरीस भरतं. कायम करायचं का काढायचं ते सोमवारी ठरणार. जाधव साहेब म्हणले, शेवटचा डाव समोर करून दाखव. मका सांडला तर दुसऱ्या दिवशी येऊ नको. बायकोला अजून सांगितलं न्हाई मी."

"असं कसं काढतील? तुमची चूक सिद्ध तरी झाली न्हाई अजून..." माझ्या तोंडून गेलं.

त्याने माझी बोली बरोबर पकडली. मग, "मॅडम, तुम्ही इकडल्याच का?"

"वाटूर."

"आरं देवा! मी कुंभार पिंपळगावचा! ताई, मंग तर तुम्ही बघाच." आणि त्याने फोन ठेवला. मी काय बघणार होते ते मला माहीत नव्हतं, पण ताई झाल्यावर हिरवी ओळ दाखवून अंग काढून घेणं जड गेलं. तो दिवस शुक्रवारचा होता.

शुक्रवारची दुपार आणि शनिवारची सकाळ मी कैलासची चूक शोधण्यात घालवली. हो, त्याचीच. आमची असेल असं मनातसुद्धा आलं नाही. शनिवारी जेवणं झाल्यावर आत्या पुढच्या खोलीत शेंगा निवडत बसली होती. माझी चिडचिड पाहून तिने विचारलं, "काय गं मंगे, काय झालं?" ती मला कधी वैशाली म्हणालीच नाही. नाव तांदळात लिहिलं त्या दिवशीसुद्धा तिने "मंगे, ताट उचल" म्हणूनच हाक मारली होती.

मी तिला सगळं सांगितलं. प्रोग्राम स्वतःला पुसतो, दुसरा होतो, माहेर, सासर, पाणी, सगळं. तिने शेंगा निवडायच्या थांबवल्या.

"तू सासर लिहिलं? तुला काय ठावं सासर?"

"म्हणजे? पस्तीस वर्षं या घरची सून हाय ना मी?"

"अगं, तू इथं दर उन्हाळ्याला येत होतीस. परकर घातल्यापासून तुला ठावं होतं, माठ कुठं, चूल कुठं, लोणच्याची बरणी कोणत्या फळीवर. लग्न होऊन आली त्या दिशी कुणाला न विचारता बरणी काढून खात बसली. याला सासर म्हणत्यात का? दाखव बरं मला तुव्हं ते सासर."

मी तिला पडद्यावर 'सासर' उघडून दाखवला. तिला अक्षरं इंग्रजी असल्याने वाचता आली नाहीत, पण मी शेजारी 'माहेर'ही उघडला होता. तिने चष्मा नाकावर ओढला आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं.

"हे तर दोन्ही सारखंच दिसून राह्यलं."

सारखंच होतं. बारा वर्षांपूर्वी मी 'माहेर' लिहिला, त्याची नक्कल केली, वरचं नाव बदललं आणि तिला 'सासर' म्हटलं. मला वावगं वाटलं नाही, कारण माझं झालं होतं ते तसंच. पाणी माहेरात ज्या ओळीवर, सासरात त्याच ओळीवर. मेमरीतली जागासुद्धा तीच. डिबगरने जुन्या खुणा विसरल्या काय आणि न विसरता तशाच ठेवल्या काय, तो थांबणार पाण्यापाशीच! ओळ हिरवी येणारच. माझी चाचणी बारा वर्षं काहीच तपासत नव्हती.

मी खुर्चीवर मटकन बसले. आत्याला वाटलं मला चक्कर आली. तिने तांब्याभर पाणी आणून दिलं आणि माझं मन रमवायला म्हणून, न विचारता, तिच्या स्वतःच्या सासरचं सांगायला लागली.

"मी टेंभुर्णीहून इथं आले तवा या घरातलं कुत्रंसुद्धा वळखीचं नव्हतं. दुसऱ्या दिशी पाव्हणे आल्ते. सासरे म्हणले, सूनबाई, ताक आणा. आपल्या टेंभुर्णीला स्वयंपाकातून डाव्या हाताला वळलं का ताकाचा डेरा. मी आपली डोईवर पदर घेऊन, मान खाली घालून, सवयीनं डाव्या हाताला वळले. इथं डाव्या हाताला म्हशीचा गोठा! वर बघायची चोरी. मी तांब्या बुडवला, भरला, नेऊन दिला. सरकीची पेंड भिजवल्याली होती गं त्या घमेल्यात."

"मंग?"

"मंग काय. पाव्हणे प्याले. म्हणले, ताक जरा दाट हाय, पण चव चांगली हाय. अजून मागितलं."

मी हसत हसत उठले आणि तिथेच कामाला लागले. आत्याने सांगितलेलं सासर मी ओळीने लिहून काढलं. 'माहेर'मध्ये जिथे पाणी होतं, बरोबर त्याच जागी नव्या 'सासर'मध्ये 'म्हैस' नावाचा भाग टाकला. पाणी लांब, पार शेवटी नेऊन ठेवलं. मध्ये ओसरी, कोठी, न्हाणी असे बिनकामाचे भाग घातले. आत्या शेजारी बसून सांगत होती, "कोठी अंधाराची होती, ते लिही." मी तेही लिहिलं.

चाचणी चालवली. माहेर सुरू झाला, स्वतःला पुसून सासर झाला. डिबगर मान खाली घालून सवयीच्या जागी गेला आणि म्हशीच्या पोटात, एका सूचनेच्या अर्ध्यात, 'थांब' लिहून आला. अर्धी सूचना कुणाला कळणार? प्रोग्राम जागच्या जागी मेला. कैलासची खूणही अशीच चुकून झडपेच्या सूचनांत पडत असणार. पडद्यावर लाल ओळ आली. बारा वर्षांतली पहिली.

आत्याने विचारलं, "लाल म्हंजे चांगलं का वाईट?"  कैलाससाठी चांगलं होतं. माझ्यासाठी इतकं वाईट होतं की मी न्हाणीत जाऊन तोंड धुऊन आले.

कुलकर्णी साहेबांना फोन केला. ते रविवारच्या लग्नाच्या तयारीत होते, भाचीचं लग्न होतं. मी म्हणाले, "साहेब, सासर लाल आलंय. म्हैस दगावली."

"कुणाची म्हैस?"

सगळं सांगितल्यावर ते शांतपणे म्हणाले, "वैशालीताई, डिबगरचा तो भाग बारा वर्षं जुना आहे. तुमच्याच चाचणीत काहीतरी चुकत असेल. जरा तपासून बघा."

मी कैलासला दोनदा जे लिहिलं होतं तेच वाक्य मला परत मिळालं होतं. त्याला ते वाचताना कसं लागलं असेल ते कळलं. मी साहेबांना म्हटलं, हिरव्या ओळीवर विश्वास होता तेवढाच लालवर ठेवा आणि दोन्ही प्रोग्राम समोरासमोर उघडून बघा. तासाभराने त्यांचा फोन आला. मागे सनई वाजत होती. "विसरायला सांगायचं राहून गेलं होतं हो," ते म्हणाले, "नवा प्रोग्राम आला की जुन्या खुणा टाकून द्या, एवढं एक वाक्य मी लिहिलंच नव्हतं." रविवारी अक्षता पडल्यावर त्यांनी कार्यालयाच्या कोठीत, बुंदीच्या परातींशेजारी बसून ते लिहिलं. माझी चाचणी हिरवी झाली. मी जुनं सासर परत घालून पाहिलं, तेही हिरवं. मग दुरुस्ती काढून टाकून पाहिलं, लाल. मग पुन्हा घालून पाहिलं. असं मी बारा वर्षांपूर्वी करायला हवं होतं.

सोमवारी सकाळी मी स्वतः जालन्याला जायचं ठरवलं. आत्या म्हणाली, "मीबी येती. सासर मव्हं हाय." तिला घेऊन गेले.

तिथे जाधव साहेबांनी जय्यत तयारी ठेवली होती. टाकीखाली ताडपत्री, ताडपत्रीवर घमेली, घमेल्यांमागे बायका, आणि साहेब स्वतः एका स्टुलावर उभे. कैलास कोपऱ्यात होता. पंचविशीतला, बारीक अंगाचा, आणि हात खरोखरच कोपरापर्यंत गुलाबी. मला पाहून त्याने नमस्कार केला तोही लांबूनच, मला काही होऊ नये म्हणून. आत्याने मात्र सरळ जाऊन त्याचे हात हातात घेतले आणि म्हणाली, "लेकरा, मी पाव्हण्यांना म्हशीची पेंड पाजली होती. भिऊ नको." त्याला काहीच कळलं नाही, पण तो जरा सरळ उभा राहिला.

मी मशीनच्या संगणकात दुरुस्त डिबगर घातला. "खूण तुम्हीच लावा," मी कैलासला म्हटलं.

"ताई, तुम्ही लावा ना."

"न्हाई. तुम्हीच."

त्याने खूण लावली. मशीन सुरू झालं. छोटा प्रोग्राम चालला, त्याने स्वतःला पुसलं, मोठा उभा राहिला. बायकांनी घमेली वर उचलली. जाधव साहेबांनी डोळे मिटले. झडप उघडली, मका पडला, पिशवी भरली, झडप बंद झाली. मग लेबलाच्या जागी प्रोग्राम थांबला, जिथे थांबायला सांगितलं होतं तिथेच. ताडपत्रीवर काही पडलं नाही. कुणीतरी म्हणालं, "थांबा, अजून सांडंल." सगळे थांबले. नाही सांडलं.

कैलासने आत डोकावून पाहिलं आणि तारखेची चूक दहा मिनिटांत काढली. महिना आणि दिवस उलटसुलट घेतले जात होते. मी जाधव साहेबांना स्टुलावरून खाली यायला सांगितलं आणि सगळ्यांसमोर बोलले, "यांचा हात लागला म्हणून मशीन मरत नव्हतं. आमच्या हत्यारात चूक होती. ती चूक पकडायची चाचणी मी लिहिली होती, अन् ती चाचणी बारा वर्षं पोकळ होती. यांनी मला तीनदा सांगितलं. मी दोनदा यांचीच चूक म्हणून कळवलं." एवढं बोलताना माझे कान तापले होते. जाधव साहेबांनी कैलासकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मंग याला हात लावू द्यायचा?" आत्या म्हणाली, "आता सगळ्याला लावू द्या." त्यांनी तिथेच कैलासला आत बोलावून कायम केल्याच्या कागदावर सही दिली.

फाटकापर्यंत कैलास आम्हाला सोडायला आला. त्याचा बायकोला फोन करून झाला होता. त्याचा चेहरा फुलला होता, पण फाटकाशी येऊन तो थांबला.

"ताई, एक विचारू का? मव्हं निभावलं, तुम्ही इकडल्या निघाल्या म्हणून. पण बारा वर्षांत माझ्यासारखे अजून असतील ना? ज्यांनी खूण लावली अन् मशीन मेलं?"

 जालन्याहून वाटूरला येईपर्यंत मी एकेक जुनं पत्र आठवत होते.

घरी येऊन जुन्या तक्रारी काढल्या. स्वतःला पुसणाऱ्या प्रोग्रामच्या तेवढ्या वेगळ्या केल्या. फार नव्हत्या, पण होत्या. एक दवाखान्याच्या यंत्राची, एक बसच्या तिकिटांची, एक कुठल्याशा साखर कारखान्याची. प्रत्येकीखाली माझं उत्तर होतं, आपल्या वापरात काही चूक होत नाही ना ते तपासावे. प्रत्येकीखाली माझं नाव होतं. मी त्या प्रत्येक माणसाला स्वतंत्र पत्र लिहिलं: तुम्ही बरोबर होता, चूक माझी होती, फार उशिरा कळवते आहे. कुलकर्णी साहेबांनी विचारलं, एवढ्या जुन्या गोष्टी कशाला उकरता, कंपनीचं नाव जाईल. मी म्हटलं, पत्रावर नाव माझं घातलंय.

बहुतेक पत्रं परत आली, माणसं त्या पत्त्यावर राहिली नव्हती. उत्तर एकच आलं, साखर कारखान्यातल्या त्या माणसाचं. ते वाचून मी रडले, आणि हे लिहायची मला लाज वाटत नाही. उत्तर चार ओळींचं होतं.

'मॅडम, ती नोकरी माझी तेव्हाच गेली. आता गावात पिठाची गिरणी आहे, बरी चालते. तुमचं पत्र बायकोला वाचून दाखवलं, तिने दोनदा वाचायला लावलं. वडील असते तर त्यांनाही वाचून दाखवलं असतं.'